ई-क्लासवरचं 'वाळवंट': खड्डे खोदण्याआधी आणि भिंत रंगवण्याआधी

प्रश्न वाशिम जिल्ह्यातल्या एका गावाचा आहे. गावाला लागून ४० एकर ई-क्लास, म्हणजे चराईची सरकारी जमीन, सगळी बरड. मार्च ते जून तिथे मुरूम आणि खडीशिवाय काही दिसत नाही, म्हणून गावात तिला 'वाळवंट' असंच म्हणतात. युवक मंडळाने ठरवलंय की १७ जूनला, म्हणजे वाळवंटीकरणाविरुद्धच्या जागतिक दिनाला, शाळेच्या भिंतीवर वाळवंटाचं मोठं चित्र काढायचं आणि पावसाळ्यात त्या जमिनीवर २,००० झाडं लावायची. विचारलंय ते असं: विदर्भाचं खरंच वाळवंट होतंय का, झाडं कोणती लावावीत आणि चित्रात काय दाखवावं?

आधी थेट उत्तर. तुमची जमीन वाळवंट नाही. ती चरून चरून थकलेली गवताची जमीन आहे. २,००० खड्डे खोदू नका आणि भिंतीवर उंट काढू नका. या दोन्ही नकारांचं कारण एकच आहे. वाळवंटाचं जे चित्र आपल्या डोक्यात बसलंय, तेच उपायही ठरवून टाकतं. उजाड दिसलं की माणसाला झाड लावावंसं वाटतं; तिथलं गवत गेलंय, याकडे लक्षच जात नाही.

वाळवंट उन्हावरून ठरत नाही, पाण्याच्या हिशेबावरून ठरतं. चंद्रपूरला पारा ४९ अंशांपर्यंत गेलेला आहे, तरी चंद्रपूर वाळवंट नाही. लेहला हाडं गोठवणारी थंडी असते, पण वर्षाचा पाऊस-बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर, म्हणून लडाख थंड वाळवंट. हिशेब असा करतात: वर्षभराचा पाऊस भागिले तिथल्या हवेत जमिनीतून आणि पानांतून जास्तीत जास्त उडू शकणारं पाणी. भागाकार ०.२० च्या खाली आला तर प्रदेश शुष्क, ०.२० ते ०.५० निमशुष्क, ०.५० ते ०.६५ कोरडा उपआर्द्र. जैसलमेरला पाऊस २०० मिलिमीटरच्या आत आणि उडू शकणारं पाणी दोन हजारांच्या घरात, म्हणजे भागाकार ०.१० च्या आसपास. पश्चिम विदर्भात पाऊस साधारण ७५० ते ९५० मिलिमीटर. आपला भागाकार ०.५० च्या आगेमागे येतो. थरपेक्षा चार-पाच पट पाऊस पडणाऱ्या जागेला वाळवंट म्हणायचं, तर त्या पावसाचं आपण काय केलं हाच खरा प्रश्न उरतो.

वाळवंटीकरण ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि ती तुमच्या तालुक्यात चालू आहे. १९९४ साली संयुक्त राष्ट्रांचा जो करार झाला, त्यात वाळवंटीकरणाचा अर्थ शुष्क, निमशुष्क आणि कोरड्या उपआर्द्र पट्ट्यांतल्या जमिनीचा कस उतरणं, असा केलाय. राजस्थानची रेती चालत अकोल्यापर्यंत येण्याशी त्याचा संबंध नाही. इस्रोच्या अवकाश उपयोग केंद्राच्या नकाशासंग्रहानुसार २०१८-१९ मध्ये देशातली ९ कोटी ७८ लाख हेक्टर जमीन, म्हणजे २९.७७ टक्के, अशी उतरलेली होती. तीत सगळ्यात मोठा वाटा वाऱ्याचा नाही, पाण्याने होणाऱ्या धुपीचा आहे. एका हेक्टरवरून एक मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला तर १० घनमीटर माती जाते, वजनात १२-१३ टन. उताराला उभी पेरणी केलेल्या वावरात एका जोराच्या पावसात हे होऊ शकतं, आणि दुसऱ्या दिवशी पऱ्हाटी जागच्या जागी उभी असल्यामुळे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आता चित्राकडे. तुम्ही पाठवलेल्या कच्च्या आराखड्यात तीन गोष्टी आहेत: रेतीच्या टेकड्या, एक उंट, आणि खाली भेगा पडलेली जमीन. टेकड्यांचं सांगायचं तर सहारातसुद्धा रेतीचा भाग साधारण चौथाई आहे, बाकी खडक आणि खडी. भेगांवर मात्र जरा थांबतो, कारण दुष्काळाच्या प्रत्येक बातमीबरोबर तोच फोटो छापून येतो: भेगाळ जमीन आणि कपाळाला हात लावून आभाळाकडे पाहणारा म्हातारा कास्तकार. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडणं हा तिचा स्वभाव आहे, रोग नव्हे. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. बोटभर ते चार बोटं रुंद आणि मीटरभर खोल भेगा पडतात. वरची भुगा झालेली माती वाऱ्याने, ढोरांच्या खुरांनी त्यांत पडते. मृगाचा पहिला पाऊस याच भेगांतून खालपर्यंत उतरतो. म्हणजे चांगल्या काळ्या जमिनीची जी खूण, तीच आपण मरणाची खूण म्हणून भिंतीवर रंगवतो. तुमच्या बरडावर तर अशा भेगा पडणारच नाहीत, कारण तिथे काळी माती उरलेलीच नाही. तिथली खूण वेगळी आहे, ती पुढे सांगतो.

वाळवंटातल्या लोकांनी स्वतः काय रंगवलं हे पाहण्यासारखं आहे. मारवाड, बिकानेर, किशनगढच्या लघुचित्रांत उजाड रेती फारशी सापडत नाही. काळे ढग, बगळ्यांच्या रांगा, कमळांची तळी, दाट बागा, पावसात भिजणारे महाल हेच पुन्हापुन्हा येतं. गाण्यातही तेच. थरमधल्या मांगणियार गायकांचं कमायचा हे तंतुवाद्य आणि लंगा गायकांची सारंगी ज्या गाण्यांना साथ करते, त्यांत पावसाची आणि परदेशी गेलेल्या माणसाची वाट पाहणं भरपूर आहे. ज्याच्याकडे पाणी कमी, तो पाण्याचंच चित्र काढतो. ओसाड, भयाण, रिकामं वाळवंट हे बहुधा बाहेरून आलेल्याच्या नजरेतलं असतं. प्रत्यक्षात थर हे जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे. तिथली माणसं रिकाम्या जागेत राहत नाहीत. ती नीट वाटून घेतलेल्या जागेत राहतात.

ती वाटणी आपल्या कामाची आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो. जैसलमेरकडचं खडीन हे १५व्या शतकापासून पालिवाल ब्राह्मणांनी रुजवलेलं तंत्र. खडकाळ उतारावरचं पाणी खालच्या खोलगट जमिनीवर १०० ते ३०० मीटर लांबीच्या मातीच्या बांधाने अडवायचं, जास्तीचं सांडव्यातून सोडायचं, पाणी मुरलं-आटलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. शेताच्या दहा-पंधरा पट पाणलोट त्याला मोकळा ठेवावा लागतो. इथे खडीन जसंच्या तसं आणू नका. आपल्या पावसाला तो बांध एका रात्रीत फुटेल आणि काळ्या मातीत पाणी साचून मुळ्या सडतील. त्यातला हिशेब मात्र घ्या: उघडा उतार म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे, तो खालच्या पिकाचा पाणीपुरवठा आहे. तलाव आटल्यावर आपल्याकडे जो गाळपेरा करतात, तो याच कुळातला.

दुसरी गोष्ट ओरणांची. देवाच्या नावाने राखलेली ही चराऊ राने. तिथे कुऱ्हाड चालत नाही, चराई मात्र नियमाने चालते. बिश्नोईंच्या २९ नियमांत हिरवं झाड न तोडण्याचा नियम आहे, आणि १७३० साली खेजडलीला अमृतादेवींसह ३६३ माणसांनी खेजडीच्या झाडांसाठी प्राण दिले. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण तिची पूजा करतो. राजस्थानात पूजेबरोबर तिचा पाला शेळ्या-उंटांना, शेंगा माणसांना आणि तिच्या खालची जागा बाजरीला असते. एकरात मोजकीच झाडं ठेवतात. सगळं शेत झाडांनी भरून टाकायची कल्पना तिथल्या शेतकऱ्याला हास्यास्पद वाटेल.

जिथे ती भरून टाकली, तिथे काय झालं हे कच्छच्या बन्नीत दिसतं. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा हा गवताळ प्रदेश. १९६१ पासून तिथे खारेपणा आणि रण पसरू नये म्हणून वेडी बाभूळ लावली गेली. तिथले लोक तिला गांडो बावळ म्हणतात. म्हशींनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी सगळीकडे गेलं, आणि म्हशींचं गवत बाभळीखाली नाहीसं होत गेलं. तुमच्या गावाच्या नाल्याकाठी हीच वेडी बाभूळ असणार. तिला ई-क्लासवर पाय ठेवू देऊ नका. रोपं हातभर असतानाच मुळासकट उपटा. नुसती तोडली तर बुडख्यातून चौपट फुटते.

हा घोळ एका खात्याचा किंवा एका योजनेचा नाही, विचाराचा आहे. सारा ज्या जमिनीतून येत नाही ती पडीक, अशी नोंद ब्रिटिश महसुलाने केली. आपण ती नोंदही पुढे चालवली आणि नजरही. धनगराची, गवळ्याची, फासेपारध्याची जमीन कागदावर कुणाचीच नाही. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंजा-आष्टीकडचा गवळाऊ बैल अशाच माळांवर घडला. अकोला-वाशिमच्या माळांवर तणमोर पक्ष्याची नोंद आहे, तुमच्याच जिल्ह्यातलं कारंजा-सोहोळ अभयारण्य काळवीटासाठी आहे. हे दोघेही दाट झाडीत राहत नाहीत. भारताच्या गवताच्छादनाची १९७३ मध्ये जी वर्गवारी प्रसिद्ध झाली, तीत आपला भाग पवन्या-मारवेलच्या पट्ट्यात येतो. थरची जोडी निराळी: सेवण आणि धामण. थोडक्यात, तुमच्या जमिनीला तिचं स्वतःचं गवत ठरलेलं आहे.

आता जमीन तपासायची. हे काम मे महिन्यात दोन सकाळींत होतं.

ई-क्लासच्या माथ्यावर, मधे आणि पायथ्याला, अशा तीन ठिकाणी पहारीने मातीची खोली पाहा. २५ सेंटिमीटरच्या आत कच्चा मुरूम किंवा खडक लागला तर तिथे वृक्षलागवड करायची नाही, हा नियम धरा. पन्नासच्या पुढे खोली मिळाली तर तेवढा तुकडा झाडांसाठी वेगळा नोंदवा. असे तुकडे बहुधा पायथ्याला आणि ओघळीच्या कडेला निघतात.

मग गुडघ्यावर बसून गवताचे ठोंब पाहा. जुन्या ठोंबाच्या बुडाशी माती आजूबाजूपेक्षा दोन-तीन बोटं उंच राहिली असेल आणि मुळ्या उघड्या पडल्या असतील, तर तेवढा थर मधल्या जागेतून वाहून गेलाय. हीच ती खूण, भेगांपेक्षा कितीतरी खरी. दोन ठोंबांच्या मधे बारीक खडीची फरसबंदी झालेली दिसेल: माती गेली, खडे राहिले. एक मीटर लांब-रुंद चौकट सुतळीने करा, दहा ठिकाणी टाका आणि दर चौकटीत बहुवर्षायू गवताचे जिवंत ठोंब मोजा. उन्हाळ्यात ठोंब वाळलेला दिसतो. बुडाशी नखाने खरवडलं आणि आत ओलसर पांढुरकं दिसलं तर तो जिवंत आहे. सरासरी तीन-चारच्या वर ठोंब निघाले तर बी पेरायचीही गरज नाही, नुसती राखण पुरे. एकाच्या खाली आले तर बाहेरून बी किंवा ठोंब आणावे लागतील. पावसाळ्यात जिथे तरोटा आणि गाजरगवत माजतं त्या जागांवर गेरूने दगड रंगवून ठेवा. ढोरं त्यांना तोंड लावत नाहीत, म्हणून जिथे चराई सर्वांत जास्त तिथेच ते वाढतात.

पाणी मुरतं किती, तेही बघा. ३० सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा किंवा पाइपचा तुकडा दोन्हीकडून उघडा करून ५ सेंटिमीटर जमिनीत ठोका, आत पावणेदोन लिटर पाणी हळूच ओता. हे साधारण २५ मिलिमीटर पावसाएवढं होतं. गवताच्या ठोंबावर आणि उघड्या खडीवर, दोन्हीकडे किती मिनिटांत जिरलं ते घड्याळ लावून लिहा. डब्याच्या बाहेरून पाणी झिरपलं तर तो आकडा सोडून द्या, डबा नीट ठोकलेला नाही. ग्रामसभेत हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की भाषण करायची गरज उरत नाही.

खड्ड्यांना माझा विरोध का, त्याचाही हिशेब मांडतो. ४५ सेंटिमीटर लांब, रुंद, खोल असा खड्डा म्हणजे ९१ लिटर माती-मुरूम. २,००० खड्ड्यांचे १८० घनमीटर. ते सगळं आधीच तुटपुंज्या गवतावर पसरणार आणि पहिल्या पावसात नाल्यात जाणार. रोपाला आठवड्याला १० लिटर धरले तरी आठवड्याला २०,००० लिटर, म्हणजे ५,००० लिटरचे चार टँकर. नोव्हेंबर ते मे तीस आठवड्यांचे १२० टँकर. तेवढं पाणी कुठलीच ग्रामपंचायत देत नाही, म्हणून रोपं दिवाळीनंतर सुकायला लागतात आणि होळीपर्यंत काड्या उरतात. पुढल्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपं. जी जगतात ती सुबाभूळ किंवा गिरिपुष्प. त्यांच्या दाट सावलीत गवत टिकत नाही.

त्याऐवजी ४० एकरांचे, म्हणजे १६ हेक्टरचे, तीन भाग करा. एकच भाग बंद करायचा, बाकी दोन चराईला खुले. सगळं एकदम बंद केलं तर शेळ्या पाळणारी घरं कुठे जाणार? महिनाभरात बंदी मोडते आणि मग पाच वर्षं कुणी नाव काढत नाही. कोणता भाग आधी, हे गुराख्यांना विचारून ठरवा. पाण्याकडे जाणारी ढोरवाट कोणत्याही भागात अडवू नका. बंद भाग मृगापासून बी झडेपर्यंत, म्हणजे जून ते नोव्हेंबर, बंदच राहील. सगळ्यात मोठी चूक ऑगस्टमध्ये होते. माळ हिरवा दिसला की लोक म्हणतात, आता सोडा ढोरं. त्या वेळी गवत बी धरायच्या बेतात असतं. नोव्हेंबरात विळ्याने कापून चारा घरी न्यायचा, बुडखे चार बोटं ठेवायचे. पुढल्या वर्षी दुसरा भाग बंद. कोणताही भाग कायमचा बंद करू नका; न कापलेलं, न चरलेलं गवत साठून गुदमरतं आणि फेब्रुवारीत आग लागली तर ठोंबांच्या काळजापर्यंत जाळतं. आगीसाठी बंद भागाभोवती डिसेंबरातच ३ ते ५ मीटर रुंदीची जाळरेषा काढा, आधी कापून आणि मग माणसं हजर असताना, वारा नसताना जाळून.

अपेक्षा मोजूनमापून ठेवा. राखलेल्या भागात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हेक्टरी २ टनांच्या आसपास वाळका चारा धरा. सव्वापाच हेक्टरचे झाले साडेदहा टन. गावरान ढोराला रोज साडेसात किलो लागतो, म्हणजे ४० ढोरांना जेमतेम ३५ दिवस. पण ते ३५ दिवस एप्रिल-मेतले असतात, कडबा संपलेला असतो, आणि म्हणूनच राखण टिकते.

बी आणायचं तर जवळच्या राखीव माळावरून, धुऱ्यावरून आणा. मारवेल, पवन्या आणि डोंगरी ही तीन पुरेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कणसं मुठीत धरून ओढली की सुटतात, तेव्हा ती पक्व. सावलीत वाळवून पोत्यात, उंदरांपासून दूर, पुढल्या जूनपर्यंत ठेवा. ताजं बी लगेच पेरलं तर उगवत नाही, त्याला काही महिन्यांची झोप लागते. हेक्टरी ५ ते ६ किलो धरा. बी हलकं, कुसांचं असतं, हाताला चिकटतं, वाऱ्याने उडतं. म्हणून एक भाग बी, दोन भाग चाळलेली चिकणमाती, एक भाग शेण असं कालवून बोराएवढ्या गोळ्या करा आणि सावलीत वाळवा. मुंग्यांचाही त्रास त्याने कमी होतो. दोन चांगले पाऊस झाल्यावर गोळ्या फेकून बोरी-बाभळीचं काट्याचं डहाळं वरून फिरवा. वखर, नांगर लावायचा नाही. बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं की वर येत नाही, आणि नांगरलेल्या बरडावर आधी तरोटाच येतो. मारवेल ठोंबांनीही लागतो: दोन-तीन फुटव्यांचा ठोंब, वरून वीतभर ठेवून कापलेला, जुलैत, एक मीटर बाय अर्धा मीटर अंतरावर. याचे हेक्टरी २०,००० ठोंब होतात, त्यामुळे हे फक्त अगदी उघड्या पडलेल्या तुकड्यांपुरतं करा. कुसळी आपोआप येईल. ती वाईट नाही, पण सप्टेंबरात तिचं बी टोकदार होण्याआधी कापा. नंतर ती मेंढ्यांच्या लोकरीत आणि ढोरांच्या तोंडात रुतते.

चर खोदायचे असतील तर जेसीबीने खोल नको. ६० सेंटिमीटर रुंद, ३० खोल चरात मीटरला १८० लिटर पाणी मावतं. ५० मिलिमीटरच्या पावसातलं ४० टक्के पाणी वाहतं असं धरलं तर दर चौरस मीटरवरून २० लिटर येतात, म्हणजे चराच्या वरची नऊ मीटर जागा तो सांभाळतो. त्यापेक्षा दाट चर खोदले तर गवतच खणून निघतं. ज्या पट्ट्यात ठोंब बरे आहेत तिथे चर नकोच, फक्त उघड्या पट्ट्यांत घ्या. समतल रेषा ए-फ्रेमने काढा: सात फुटी दोन बांबू, मधे आडवी काठी, शेंड्यापासून दोरीला दगड. दोन्ही पाय दोन खुंट्यांवर ठेवून दोरीची खूण करा, पाय अदलाबदल करून दुसरी खूण करा, दोन्हींच्या मधोमध जी येते ती समतल. ही खूण रोज सकाळी तपासा, बांबू वाळला की सरकते. चर सलग काढू नका; दर चार-पाच मीटरला अर्धा मीटर न खोदलेला ठेवा, म्हणजे रेषा थोडी चुकली तरी सगळं पाणी एका टोकाला धावून चर फुटत नाही. माती उताराच्या खालच्या बाजूला, काठापासून वीतभर सोडून टाका. ओघळीत दगडी बांध घालायचे ते माथ्याकडून खाली, कंबरेएवढ्या उंचीच्या आत, मधे खोलगट ठेवून.

खोदकामाआधी एक माणूस रेषेवरून चालवा. माळटिटवी उन्हाळ्याच्या दिवसांत उघड्या खडीवर अंडी घालते; ती खड्यांसारखीच दिसतात. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर तेवढा तुकडा पुढल्या महिन्यावर ढकला.

झाडं लावूच नका असं नाही. जिथे खोली मिळाली तिथे हिवर, बोर, शमी, पळस. हेक्टरी वीस-तीस, त्याहून जास्त नको. शक्यतो बियांपासून जागेवरच वाढवा आणि काट्याची वई करा. सगळ्या १६ हेक्टरांत खोली मिळाली तरी तुमच्या २,००० चं गणित ४०० वर येईल.

कागदाचं काम थोडक्यात. ई-क्लास सरकारची असते, ग्रामपंचायत ती सांभाळते. म्हणून ग्रामसभेचा ठराव, सातबारा आणि हद्दीची मोजणी आधी करा, नाहीतर राखण सुरू झाली की अतिक्रमणाचे वाद उभे राहतात. चर-बांध रोहयोतून घेता येतात. हेच काम नागपूर, वर्धा, चंद्रपूरकडचं कुणी करणार असेल तर नोंदीत 'झुडपी जंगल' आहे का ते पाहा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये त्या जमिनी वन म्हणूनच धरायला सांगितल्या आहेत, तेव्हा वनविभागाच्या परवानगीशिवाय कुदळ लावायची नाही.

प्रश्नात नव्हतं, तरी सांगतो. वाळवंटीकरणाची खरी धास्ती घ्यायची तर ती बरडाची नाही, पूर्णेच्या खारपाण पट्ट्याची आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. ते ओलिताला दिलं की सोडियम मातीचे कण सुटे करतो, छिद्रं बुजतात, पाऊस वर साचतो आणि वाळल्यावर वर कडक पापडी धरते. वावर काही वर्षं हिरवं दिसतं, म्हणून त्याला कुणी वाळवंट म्हणत नाही. तपासणी सोपी आहे: बोराएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात, पावसाच्या पाण्यात, न हलवता दोन तास ठेवा. ढेकूळ फुटलं पण पाणी नितळ राहिलं तर ठीक. भोवती दुधासारखा ढग पसरला तर सोडियमची बाधा आहे, आणि जिप्समची मात्रा माती परीक्षणावरून ठरवून घ्यावी. विहिरीच्या पाण्यात ही तपासणी करू नका, खारं पाणीच ढग दाबून ठेवतं. तिथे भरवशाचं ओलीत एकच, शेततळ्यात साठवलेल्या पावसाचं.

आता भिंत. १७ जूनला रंगवायला घेऊ नका. पाऊस त्याच सुमारास लागतो, ओल्या गिलाव्यावर रंग बसत नाही आणि पुढल्या उन्हाळ्यात खार फुटून पोपडे निघतात. मेअखेर काम संपवा, १७ जूनला नुसतं दाखवा. २० बाय ८ फुटांच्या भिंतीला प्रायमरनंतर बाहेरच्या रंगाचे दोन हात द्यायला साधारण तीन लिटर तळरंग लागतो, त्यावर चित्र.

चित्र तुमच्याच बरडाचं काढा, एकच उतार चार वेळा: चैत्र, आषाढ, आश्विन, पौष. चैत्रात करडी खडी, वाळके ठोंब आणि खडीत मिसळलेली टिटवीची चार अंडी. पोरांना ती शोधायला लावा. आषाढात कोवळा पोपटी. आश्विनात रंग खरे जमवा, इथे बहुतेक चित्रकार सगळं हिरवं करून टाकतात. मारवेलची कणसं जांभळट असतात, कुसळी तांबूस होते, पवन्या पिवळसर. पौषात कापलेलं गवत, पेंढ्या आणि जाळरेषेचा काळा पट्टा. भिंतीचा खालचा तिसरा हिस्सा जमिनीखालचा दाखवा: एका ठोंबाच्या मुळ्या हातभर खोल, आणि शेजारी उघड्या खडीखाली काहीच नाही. भेगा काढायच्याच असतील तर एका कोपऱ्यात काळ्या वावराच्या काढा, आत उतरणाऱ्या पावसासकट.

घोषवाक्य लिहू नका. उजव्या कोपऱ्यात तीन बाय दोन फुटांची चौकट कोरी सोडा. तिथे यंदा बंद असलेला भाग, बंदीची आणि कापणीची तारीख, आणि ग्रामसभेने ठरवलेला दंड एवढंच लिहायचं. त्या चौकटीला ऑइल पेंट वापरू नका, चुन्याचा हात द्या. दरवर्षी भाग बदलला की पुसून नव्याने लिहायला सोपं जातं.